शांत जागेत खरखर नको: पोस्ट-रॉकच्या रेकॉर्डविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या भागांतून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत. शब्दांविना वाजणाऱ्या पोस्ट-रॉक बँडच्या रेकॉर्ड जमवायच्या कशा, नीट वाजवायच्या कशा आणि आपल्याकडच्या पावसात टिकवायच्या कशा? या संगीतात एखादी गिटार कितीतरी वेळ हळू वाजत राहते आणि मग सगळा बँड एकदम उसळतो. हळू भागात धुळीचा कणसुद्धा ऐकू येतो. उसळी बहुतेक वेळा रेकॉर्डच्या एका बाजूच्या शेवटी येते आणि रेकॉर्ड तिथेच सगळ्यांत कमजोर असते. खालची बरीचशी उत्तरं या दोन गोष्टींतूनच निघतात.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): ‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’ या बँडचे सगळे अल्बम रेकॉर्डवर जमवायचे आहेत. सुरुवात कुठून करू? पहिल्या आवृत्तीसाठी जास्त पैसे मोजावेत का? रंगीत रेकॉर्ड घ्यावी की काळी?

उत्तर: आधी यादी पक्की करा. हा बँड टेक्सासमधल्या ऑस्टिनचा, १९९९ पासूनचा. मुख्य स्टुडिओ अल्बम सात आहेत: ‘हाउ स्ट्रेंज, इनोसन्स’ (२०००), ‘दोज हू टेल द ट्रुथ...’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या लांबलचक नावाचा दुसरा (२००१), ‘द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस’ (२००३), ‘ऑल ऑफ अ सडन आय मिस एव्हरीवन’ (२००७), ‘टेक केअर, टेक केअर, टेक केअर’ (२०११), ‘द विल्डरनेस’ (२०१६) आणि ‘एंड’ (२०२३). २००५ चा ‘द रेस्क्यू’ आणि चित्रपट-माहितीपटांसाठी केलेलं संगीत यांचा वेगळा कप्पा ठेवा. सातही हाती येईपर्यंत तिकडे वळू नका, कारण चित्रपटांच्या रेकॉर्डपायी बजेट कधी संपतं ते कळत नाही.

सुरुवात २००३ च्या अल्बमने करा. ‘टेम्पररी रेसिडेन्स’ हे त्यांचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, तो पुन्हा पुन्हा छापत आलं आहे, त्यामुळे नवी, न वाजवलेली प्रत मिळू शकते. हळू आणि जोरकस या दोन्हींत तुमचा प्लेअर किती पाण्यात आहे, तेही याच अल्बमवर कळेल.

पहिल्या आवृत्तीबाबत एक गोष्ट ठाऊक असू द्या. २००० सालचा पहिला अल्बम तेव्हा फक्त ३०० सीडी-आर (संगणकावर लिहिता येणाऱ्या सीडी) प्रतींत निघाला होता. सर्वत्र मिळेल अशी, नव्याने मास्टर केलेली आवृत्ती २००५ मध्ये आली. ‘२००० सालची मूळ रेकॉर्ड’ म्हणून कुणी काही विकत असेल, तर तशी वस्तूच अस्तित्वात नाही.

बाकीच्या अल्बमची आवृत्ती ओळखायला बारकोडवर विसंबू नका, तो पुढच्या छपाईतही तोच राहू शकतो. रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात, म्हणजे रनआउटमध्ये, हाताने किंवा शिक्क्याने कोरलेली अक्षरं आणि आकडे असतात. विक्रेत्याकडून त्याचे फोटो मागा, बॅटरी तिरकी धरून काढलेले. समोरून उजेड टाकला तर अक्षरं दिसत नाहीत. ती अक्षरं ‘डिस्कॉग्ज’ या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी जुळवा. दुहेरी, म्हणजे दोन रेकॉर्डचा संच असेल तर चारही बाजूंचे फोटो हवेत, कारण जुन्या संचात एक रेकॉर्ड एका छपाईची आणि दुसरी भलत्याच छपाईची निघू शकते. अशा संचांत चौथ्या बाजूवर कधी कधी संगीताऐवजी कोरलेलं चित्र असतं. तिच्यावर सुई टेकवायची नाही.

वापरलेली रेकॉर्ड घेताना ‘निअर मिंट’ (जवळपास नवी) किंवा ‘व्हीजी प्लस’ (त्याखालची चांगली) या दर्जांच्या खाली जाऊ नका. जुन्या हिंदी चित्रपटगीतांची त्याखालच्या ‘व्हीजी’ दर्जाची रेकॉर्ड आनंदाने ऐकता येते, कारण गाणं सतत भरलेलं असतं. इथे मात्र एकट्या गिटारच्या सुरामागे टकटक चालू राहिली की त्या जागेतला सगळा ताण निघून जातो. म्हणून आमचं मत सरळ आहे: पहिल्या छपाईची थकलेली प्रत घेण्यापेक्षा नंतरच्या छपाईची स्वच्छ प्रत घ्या.

रंगाचंही तसंच. एकरंगी पारदर्शक रेकॉर्ड चांगल्या कारखान्यात दाबलेली असेल तर काळीइतकीच शांत वाजू शकते. रंगांचे शिंतोडे उडवलेल्या रेकॉर्डमध्ये खरखरीची शक्यता वाढते. अंधारात चमकणारी रेकॉर्ड आणि चित्र छापलेली ‘पिक्चर डिस्क’ या संगीतासाठी घेऊच नका.

प्रश्न (हल्याळ): ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’च्या पहिल्या अल्बमची रेकॉर्ड घेतली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी तेच ते वाजत राहतं आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) उचललाच जात नाही. रेकॉर्ड खराब आहे का?

उत्तर: रेकॉर्ड उत्तम आहे. माँट्रियलच्या या बँडने १९९७ मध्ये ‘कॉन्स्टेलेशन’ लेबलवर काढलेल्या या अल्बमच्या नावात अनंताचं चिन्ह आहे. रेकॉर्डच्या शेवटी त्यांनी मुद्दाम बंद ग्रूव्ह (सुई जिच्यातून जाते ती खाच) ठेवला आहे. सुई त्याच वर्तुळात फिरत राहते, आपण उचलेपर्यंत. फक्त ती लावून झोपून जाऊ नका, सुईची झीज चालूच राहते. सोबतच्या पाकिटात रेल्वेखाली चिरडलेलं नाणं आणि छापील कागद आहेत ना, तेही पाहा. वापरलेल्या प्रतींतून ते हरवलेले असतात. नाणं नंतरच्या छपायांतही दिलं जातं, तेव्हा नाणं आहे म्हणून रेकॉर्ड पहिल्या छपाईची ठरत नाही.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): ऑडिओ-टेक्निकाचा एलपी १२० एक्स प्लेअर आहे, सोबत आलेलं व्हीएम ९५ ई कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आहे. बाजूची सुरुवात सुरेख वाजते; शेवटच्या तीन-चार मिनिटांत, जिथे सगळा बँड जोरात येतो, आवाज फाटतो. बहुतेक रेकॉर्डवर असंच होतं.

उत्तर: हा या छंदातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे या एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला ग्रूव्ह सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकतो आणि लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढ्याच सेकंदाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत दाटलेलं असतं. त्यात झांजा, तीन गिटार, ड्रम सगळं एकदम आलं की सुईला त्या बारीक वळणांतून धड जाता येत नाही. थोडा फरक रेकॉर्डच्या जातीतलाच आहे. फाटण्याइतका असेल, तर बहुधा जुळणीत दोष असतो.

या क्रमाने तपासा. सुई कोरड्या मऊ ब्रशने मागून पुढे झाडा, आडवी कधीच नको. मग वजन, म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा भार: या कार्ट्रिजची मर्यादा १.८ ते २.२ ग्रॅम, योग्य वजन २ ग्रॅम. टोनआर्मवरच्या आकड्यांवर न जाता छोटा डिजिटल वजनकाटा वापरा आणि मोजताना सुई रेकॉर्डच्या पातळीला आहे हे पाहा. रेकॉर्ड जपायची म्हणून वजन दीड ग्रॅमवर आणणारे बरेच आहेत. परिणाम उलटा होतो: हलकी सुई ग्रूव्हच्या भिंतीवरून सुटते आणि परत आपटते, आणि रेकॉर्ड त्यानेच कायमची खराब होते.

त्यानंतर कार्ट्रिजचा कोन. बेअरवाल्ड पद्धतीचा प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायचा नकाशा) कागदावर छापून घेता येतो. त्यावर मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर दोन बिंदू असतात आणि दोन्ही ठिकाणी कार्ट्रिजच्या कडा रेषांना समांतर हव्यात. झेरॉक्सच्या दुकानात ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळं माप चुकतं, म्हणून छापील मोजपट्टीवर खरी पट्टी ठेवून खात्री करा. स्क्रू एकदम आवळू नका. एक थोडा, दुसरा थोडा, पुन्हा कोन पाहा. एकाच्या मागे दुसरा घट्ट केला की कार्ट्रिज अर्धा अंश फिरतं आणि मेहनत वाया जाते.

अँटी-स्केटिंग (टोनआर्मची मध्याकडे ओढ रोखणारी योजना) सुरुवातीला वजनाइतकंच, म्हणजे २ वर ठेवा. फक्त उजव्या स्पीकरमधून फाटत असेल तर ते कमी पडतंय, थोडं वाढवा. दोन्हींकडून सारखं फाटत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

आवाज बाजूच्या सुरुवातीपासूनच फाटत असता तर सुईकडे न जाता आधी मागचं बटण पाहायला सांगितलं असतं. प्लेअर ‘लाइन’वर (आतच आवाज वाढवून पाठवणारा) आणि अँपची, म्हणजे अँप्लिफायरची, वायर ‘फोनो’त (तिथे तो पुन्हा वाढतो), असं झालं की संगीत दोनदा वाढवलं जातं आणि चिरफाड होते.

एवढं करूनही शेवट रखरखीत वाटला तर सुई बदला. व्हीएम ९५ मालिकेत कार्ट्रिजचं अंग तेच ठेवून फक्त पुढची सुई हाताने ओढून बदलता येते. तुमची ई म्हणजे लंबगोल टोकाची. एमएल म्हणजे मायक्रोलिनिअर, जी त्या दाट वळणांत जास्त खोल आणि नेमकी बसते. तिची किंमत बरीच जास्त आहे, पण या संगीतासाठी आम्ही रंगीत मर्यादित आवृत्त्या सोडून आधी तिच्यावर खर्च करू. जुळणी न सुधारता मात्र ती लावू नका. बारीक टोकाला कोनातली चूक अधिक जाणवते.

आणि वापरलेली रेकॉर्ड आधीच्या मालकाने बोथट सुईने वाजवून खराब केलेली असेल, तर कोणत्याही जुळणीने ती बरी होणार नाही. नवी कोरी रेकॉर्ड लावून तुलना करा, म्हणजे दोष कुठे ते कळेल.

प्रश्न (निपाणी): मामेभावाने अमेरिकेहून वापरलेला बेल्ट-ड्राइव्ह प्लेअर आणून दिला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला आहे. पण फोनवरच्या प्रतीशी जुळवलं तर रेकॉर्ड संथ आणि खालच्या सुरात वाजते. बेल्ट बदलला, फरक नाही.

उत्तर: बेल्टचा दोष नाही. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, वीजपुरवठ्याची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. एसी सिंक्रोनस मोटर वारंवारतेच्या प्रमाणात फिरते, म्हणून तुमची थाळी ३३⅓ ऐवजी साधारण २७.८ फेरे घेतेय. सूर तीन अर्धस्वरांहून (हार्मोनियमच्या तीन पट्ट्यांहून) किंचित जास्त उतरतो, म्हणजे कोमल गंधार जवळपास षड्जावर येऊन बसतो. गाणारा आवाज असता तर पहिल्याच ओळीत कळलं असतं. वाद्यांच्या लांब सुरांत ते आठवडेच्या आठवडे लक्षात येत नाही, तुम्ही फोनशी जुळवून पाहिलं हे बरं केलंत.

उपाय: त्या मॉडेलसाठी ५० हर्ट्झची पुली मिळते का पाहा. मोटरच्या दांड्यावरची ही छोटी चकती ६० च्या चकतीपेक्षा व्यासाने साधारण १.२ पट मोठी असते. लेथवर करून घ्यायची तर आधीच्या पुलीचा नेमका व्यास मोजून द्या आणि बेल्टची जाडी हिशेबात धरायला सांगा. नंतर स्ट्रोब चकतीने (वेग तपासायच्या रेघांच्या चकतीने) किंवा फोनवरच्या वेग मोजणाऱ्या ॲपने खात्री करा. इन्व्हर्टरवर हा प्लेअर चालवू नका. साध्या इन्व्हर्टरची लहर शुद्ध साइन नसते, मोटर गुणगुणते आणि ते स्पीकरमध्ये उतरतं.

दुसऱ्या कुणाला परदेशातून प्लेअर येणार असेल तर मागची पट्टी वाचा. डीसी ॲडाप्टरवर चालणारा असेल तर फक्त १००–२४० व्होल्टचा योग्य ॲडाप्टर लागतो, वेगाचा प्रश्न येत नाही.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावरून थेट बँडकडून रेकॉर्ड मागवायच्या आहेत. कस्टमचा खर्च किती धरावा आणि रेकॉर्ड न मोडता येण्यासाठी काय करावं?

उत्तर: शुल्क रेकॉर्डच्या किमतीवर न लागता किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं, आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशी चालू दर पाहा. ‘भेटवस्तू’ लिहून सुटका होत नाही. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढली गेली. खासगी कुरिअर शुल्काशिवाय स्वतःचा हाताळणी आकारही घेतं. टपालाने आलं तर पोस्टमन घरीच पैसे घेतो. ओळखपत्राची प्रत मागितली जाते, तेव्हा पार्सलवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच ठेवा.

टपालाच्या छोट्या पाकिटाची मर्यादा २ किलो असते. एक दुहेरी संच पॅकिंगसह पाऊण किलोच्या पुढेमागे जातो, म्हणजे दोन संच त्यात बसतात. मित्रांनी मिळून मागवलं तर दर रेकॉर्डमागचा खर्च बराच उतरतो.

विक्रेत्याला दोन ओळी जरूर लिहा: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून मागे ठेवा, आणि दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा घाला. पार्सल कोपऱ्यावर आपटलं की आतली जड रेकॉर्ड कव्हरची शिवण आतून फाडते, दुहेरी संचात हमखास. सीलबंद प्रतीचं प्लास्टिक फोडायला विक्रेता तयार नसेल तर हा धोका धरूनच चाला. जून ते सप्टेंबर मागवायचं टाळा किंवा आतून प्लास्टिकचं आवरण मागा. उघडताना फोटो काढा, भरपाईसाठी ते लागतात.

रेकॉर्ड हाती आली की नुसती कव्हर पाहून कपाटात ठेवू नका. फिरताना टोनआर्म डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यावर नाही, आणि लांब सुरांत ते हेलकाव्यासारखं ऐकू येतं. ग्रूव्हमध्ये टाके घातल्यासारखी चमकती रेघ आणि त्या जागी फडफड फाटल्याचा आवाज म्हणजे दाबताना प्लास्टिक पूर्ण भरलेलं नाही. हे दोन्ही धुऊन जात नाहीत. तक्रारीची मुदत संपायच्या आत सगळ्या बाजू ऐका.

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर): पावसाळ्यात कव्हरवर आणि रेकॉर्डवर पांढरी बुरशी येते. धुवायची कशी? आजोबांच्या जुन्या ७८ च्या रेकॉर्डही त्याच पाण्याने धुतल्या तर चालतील का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: चालणार नाही. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, बहुतेक रेकॉर्ड लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, एका पुसण्यात ग्रूव्ह जातो. त्यांना फक्त डिस्टिल्ड पाणी, ओलसर मऊ कापड आणि लगेच कोरडं पुसणं. त्या एलपीच्या सुईने वाजवूही नका. ७८ चा ग्रूव्ह रुंद असतो, त्याला ३ मिलची, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉनची वेगळी सुई लागते.

एलपीसाठी: २०० मिली डिस्टिल्ड पाणी, ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, अल्कोहोल प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते ग्रूव्हमध्ये बसतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी सुकल्यावर क्षार सोडतं आणि नवीच खरखर पैदा होते. बुरशी आधी घराबाहेर, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या मायक्रोफायबरने उचला. मग मिश्रण लेबल सोडून लावा, एक मिनिट थांबा, ग्रूव्हच्या दिशेने गोल पुसा. नंतर दुसऱ्या कापडाने नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. वाळायला ताटाळ्यात उभी करा, सळ्यांना सुती कापड गुंडाळून. पंख्याखाली नको, धूळ बसते. उन्हात तर मुळीच नको, रेकॉर्ड वाकते.

आतल्या कागदी पाकिटाला बुरशी लागली असेल तर फेकून द्या आणि पातळ अँटी-स्टॅटिक प्लास्टिकची पाकिटं आणा. बाहेरचं आवरण पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या आवरणातलं रसायन रेकॉर्डवर धुकट डाग पाडतं.

ठेवायला हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात घरभर ते जमणार नाही, म्हणून जागा लहान करा: घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा खोका, त्यात रेकॉर्ड उभ्या, पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. खोका मे महिन्यातच भरा. जुलैत भरला तर ओल आत कोंडली जाते. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. खोका ओल धरणाऱ्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवा.

प्रश्न (खानापूर): शांत भागात एक ‘टक्’ ऐकू येते. चरा आहे की मूळ ध्वनिमुद्रणातच आहे?

उत्तर: घड्याळ लावा. ३३⅓ वर एक फेरा १.८ सेकंदांचा, ४५ वर १.३३ सेकंदांचा. त्याच अंतराने टक् परत येत असेल तर ती रेकॉर्डवर आहे. पोस्ट-रॉक बँडच्या ध्वनिमुद्रणात कधी कधी टेपची सळसळ, रस्त्यावरचे आवाज मुद्दाम ठेवलेले असतात; ते असे ठरावीक अंतराने येत नाहीत. आणि वेग लेबलावर वाचूनच लावा. ४५ ची रेकॉर्ड ३३ वर लावली तर बाजू सुमारे ३५ टक्के जास्त वेळ चालते आणि गंभीर, छानच वाटते. पण ते बँडने वाजवलेलं नव्हे.

प्रश्न (अनगोळ, बेळगाव): आवाज वाढवला की जोरकस भागात खालून घूं असा आवाज वाढत जातो. माडीवर लाकडी तक्तपोशी आहे, चालताना सुईही उडते.

उत्तर: स्पीकरचा खर्जातला हादरा टेबलातून सुईपर्यंत पोचतो, सुई तो पुन्हा अँपकडे पाठवते आणि चक्र सुरू होतं. स्पीकर आणि प्लेअर एकाच टेबलावर असतील तर आजच वेगळे करा. तक्तपोशीवर कोणतंही टेबल हलणारच, तेव्हा प्लेअर बाहेरच्या दगडी किंवा विटांच्या भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट ठोकून ठेवा. फॅब्रिकेटरकडून ४५ बाय ४० सेंटिमीटरचं ब्रॅकेट करून घ्या, प्लेअर आणि फरशी मिळून २५ किलो पेलेल असं. वर २० मिलिमीटर जाडीची कडप्पा फरशी आणि तिच्याखाली चार कोपऱ्यांना रबराचे पाय. स्पिरिट लेव्हल थाळीवर ठेवून दोन्ही दिशांनी पातळी पाहा, आणि ती भिंत स्पीकरच्या अगदी समोरची नको. वाजवताना प्लेअरचं पारदर्शक झाकण काढून ठेवा, तेही हादरे पकडतं.